तोडलेला घड गरम का होतो? सजीव, ऊर्जा आणि एन्ट्रॉपी

केळीवाला_रावेर

नमस्कार मंडळी. गेली अकरा वर्षे मी केळी पिकवण्याच्या शीतखोल्या चालवतो आणि या काळात एक गोष्ट मला नीट उलगडलेली नाही, म्हणून हा धागा काढत आहे.

हिरवी केळी फण्या करून, धुऊन, कॅरेटमध्ये भरून खोलीत येतात. तापमान १७ अंशांवर आणून आम्ही इथिलिन हा माल पिकवणारा वायू सोडतो. पहिल्या दिवशी माल थंड करताना यंत्र चालते, हे समजण्यासारखे आहे, कारण शेतातली उष्णता मालासोबत आलेली असते. पण एकदा माल थंड झाल्यावर यंत्राला विश्रांती मिळायला हवी. प्रत्यक्षात रंग फिरू लागतो त्या दिवशी यंत्र सर्वांत जास्त धावते आणि विजेचे बिल त्याच दिवशी फुगते. कॅरेटच्या थप्पीत मधोमध हात घातला तर ऊब जाणवते. बागेपासून तोडलेला, मूळ नसलेला, पान नसलेला, अंधारात ठेवलेला हा माल गरम कशाने होतो?

दुसरा प्रश्न माझ्या पुतण्याचा आहे, तो बारावीला आहे. त्याच्या पुस्तकात लिहिले आहे की जगातील अव्यवस्था वाढतच जाते. मग पाणी, खत आणि हवा यांच्यापासून इतका रेखीव घड तयार होतो, तो या नियमाला अपवाद आहे का? मी त्याला उत्तर देऊ शकलो नाही. आमचे शिक्षण बी.कॉम.

मृगबाग_यावल

केळीवाले भाऊ, पहिल्या प्रश्नाचे उत्तर देतो. मी कृषी पदवीधर आहे आणि घरची बागही आहे.

घड तोडल्याने केळी मरत नाहीत. प्रत्येक पेशी श्वसन करत असते, म्हणजे साखर आणि ऑक्सिजन वापरून कार्बन डायऑक्साइड, पाणी आणि ऊर्जा मोकळी करत असते. आंबा, केळी, सफरचंद अशा फळांमध्ये पिकण्याच्या वेळी हे श्वसन एकाएकी उसळी घेते. पिकणारे फळ स्वतःच इथिलिन तयार करते, हे रिचर्ड गेन यांनी १९३४ मध्ये दाखवून दिले. तुम्ही सोडता तो वायू म्हणजे फक्त पहिली ठिणगी असते. पुढचा वायू फळे स्वतःच सोडतात. आपल्या आजोबांच्या काळी वखारीत धूर कोंडून माल पिकवत, त्यामागेही हेच होते, कारण अर्धवट जळणाऱ्या पाल्याच्या धुरात इथिलिन असते.

आता हिशोब पाहा. पिकण्याच्या ऐन भरात एक किलो केळी ताशी १०० मिलिग्रॅम कार्बन डायऑक्साइड सोडतात असे धरू. ग्लुकोजच्या ज्वलनात २६४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइडमागे सुमारे २,८०० किलोज्यूल ऊर्जा निघते, म्हणजे एका ग्रॅममागे १०.६ किलोज्यूल. एक टन मालाला लावले तर जवळजवळ ३०० वॉट होतात. दहा टनांच्या खोलीत तीन किलोवॉटची शेगडी पेटवून ठेवल्यासारखे झाले. तुमचे यंत्र ती शेगडी विझवत नाही, फक्त तिची उष्णता बाहेर नेऊन टाकते.

कार्बन डायऑक्साइड मोजून उष्णतेचा अंदाज बांधण्याची ही रीत लाव्वाझिए आणि लाप्लास यांच्यापासूनची आहे. १७८० च्या दशकात त्यांनी एक गिनीपिग बर्फाच्या पेटीत ठेवला, किती बर्फ वितळले ते मोजले आणि प्राण्याचे श्वसन हे एक मंद ज्वलनच आहे असा निष्कर्ष काढला.

तापीकाठचा_पाहुणा

निवांत बसलेला माणूस ८० वॉट उष्णता देतो असे वाचले होते. म्हणजे एक टन केळी खोलीत ठेवणे हे जवळजवळ चार पाहुणे बसवण्यासारखे झाले. फरक इतकाच की केळी चहा मागत नाहीत.

पिंपळपार

पहिल्या प्रश्नाचे उत्तर पटले. दुसऱ्याबाबत मात्र माझे मत स्पष्ट आहे आणि ते काहींना रुचणार नाही. पत्त्यांचा जोड पिसला तर तो आपोआप क्रमाने लागत नाही. घर बांधायचे सोडून विटांचा ढीग कितीही वर्षे ठेवला तरी भिंत उभी राहत नाही. सजीवांमध्ये मात्र व्यवस्था वाढत जाते. त्यामुळे भौतिकशास्त्राचा हा नियम सजीवांना लागू पडत नाही, तेथे काही वेगळी चैतन्यशक्ती काम करते, असे मानणे मला अधिक प्रामाणिक वाटते. विज्ञानाने येथे नम्रपणे हात टेकावेत.

खडूफळा_धुळे

पिंपळपार यांचा आक्षेप जुना आहे, पण तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही, म्हणून सविस्तर लिहितो. मी पदार्थविज्ञान शिकवतो.

पुतण्याच्या पुस्तकातील 'अव्यवस्थे'ला भौतिकशास्त्रात एन्ट्रॉपी म्हणतात. हा शब्द क्लॉसियस यांनी १८६५ मध्ये घडवला. पुस्तकातला तो नियम म्हणजे उष्मागतिकीचा दुसरा नियम. तो म्हणतो की बाहेरच्या जगाशी ऊर्जा किंवा पदार्थ यांची देवघेव नसलेल्या व्यवस्थेची एन्ट्रॉपी कमी होत नाही. ही अट पुस्तकात छापलेली असते आणि परीक्षेत लिहिली जाते, पण गप्पांमध्ये गळून पडते. केळीवाले भाऊंच्या खोलीतच पाहा. शेजारच्या फ्रीजमध्ये पाण्याचे बर्फ होते, म्हणजे पाण्याची एन्ट्रॉपी प्रत्येक ग्रॅममागे सुमारे १.२ ज्यूल प्रति केल्व्हिन इतकी घटते. नियम मोडला का? फ्रीजच्या पाठीमागच्या जाळीला हात लावून पाहा. तेथून खोलीत जी उष्णता जाते तिच्यामुळे झालेली वाढ या घटीपेक्षा नेहमी मोठी असते. घडाचेही तसेच आहे. त्याची जाळी म्हणजे सगळे शेत आणि वरचे आकाश.

आता याहून खोल गोष्ट. पृथ्वी सूर्याकडून ऊर्जा घेते असे आपण म्हणतो, पण ती साठवून ठेवत नाही. जितकी ऊर्जा येते, साधारण तितकीच रात्रंदिवस अवकाशात परत जाते. तसे नसते तर खानदेशाचा मे महिना कितीतरी आधी बारमाही झाला असता. मग आपल्याला मिळते काय? येणारा प्रकाश सुमारे ५,८०० केल्व्हिन तापमानाच्या पृष्ठभागावरून येतो आणि जाणारे अवरक्त प्रारण सरासरी २५५ केल्व्हिनचे असते. त्यामुळे येणाऱ्या एका फोटॉनच्या, म्हणजे प्रकाशाच्या एका कणाच्या, बदल्यात साधारण वीस फोटॉन परत जातात. ऊर्जा तीच, पण ती अनेक बारीक तुकड्यांत विखुरलेली. मोठी नोट घेऊन चिल्लर परत करावी तसा हा व्यवहार आहे आणि बोल्ट्झमन यांनी १८८६ मध्येच तो ओळखला होता. जगण्याची झुंज कच्च्या मालासाठी नाही आणि ऊर्जेसाठीही नाही, तर तप्त सूर्याकडून थंड पृथ्वीकडे ऊर्जा वाहताना जी एन्ट्रॉपीची तफावत हाती लागते तिच्यासाठी आहे, असे त्यांचे म्हणणे होते.

पिंपळपार, तुमच्या विटांच्या ढिगाला कोणी जेवू घालत नाही, म्हणून तो ढीगच राहतो. भिंत उभारणाऱ्या गवंड्याची भाकरी मात्र हिशोबात धरावी लागते.

पिंपळपार

सर, उदाहरण आवडले, तरी एक शंका राहते. ऊन तर आमच्या अंगणातल्या दगडावरही पडते. दगड तापतो आणि रात्री निवतो, त्याला फणी फुटत नाही. म्हणजे ऊर्जेचा ओघ असणे पुरेसे नाही.

खडूफळा_धुळे

ही शंका अगदी योग्य आहे आणि माझ्या उत्तरात ती सुटली नव्हती. दुसरा नियम फक्त परवानगी देतो, तो काही घडवून आणत नाही. ओघाला पकडणारी यंत्रणा हवी आणि ती पानात आहे, दगडात नाही. ओघातून आपोआप रचना उभी राहू शकते हे निर्जीव सृष्टीतही दिसते. पातेल्यातील पातळ थर खालून एकसारखा तापवला तर त्यात षट्कोनी कप्पे दिसू लागतात आणि आच बंद केली की ते नाहीसे होतात. अशा रचनांच्या अभ्यासासाठी इल्या प्रिगोजिन यांना १९७७ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. पण त्या कप्प्यांपासून पेशीपर्यंतचा रस्ता नेमका कसा कापला गेला, हे आज कोणी पूर्ण सांगू शकत नाही. तेथे मी हात टेकतो, नियमापाशी नाही.

सातपुड्याची_सावली

मला 'व्यवस्था' आणि 'अव्यवस्था' हे शब्दच खटकतात आणि बराचसा गोंधळ त्यांनीच केला आहे असे वाटते. एन्ट्रॉपी म्हणजे घरातील पसारा नव्हे. बाहेरून एकच दिसणारी अवस्था आतून किती प्रकारे घडू शकते, तिचे ते माप आहे.

उदाहरणार्थ, भरताला वरून ओतलेले शेंगदाण्याचे तेल पाण्यात मिसळले तर थोड्या वेळात वेगळे होऊन वर येते. दिसायला ही व्यवस्था वाढली. पण तेलाच्या रेणूंभोवती पाण्याच्या रेणूंना ज्या ठरावीक मांडणीत राहावे लागत होते, त्यातून ते सुटले आणि एकूण एन्ट्रॉपी वाढली. पेशीचे पातळ आवरण याच कारणाने आपोआप जुळून येते. म्हणजे जिला आपण सजीवाची सुबक रचना म्हणतो, तिचा काही भाग नियमाच्या विरुद्ध तर नाहीच, उलट नियमाच्या जोरावर उभा आहे. पुतण्याच्या पुस्तकात ही एक ओळ असती तर हा धागा निघाला नसता.

तापीकाठचा_पाहुणा

ताई, भरताचे नाव काढले आहे तर कळण्याच्या भाकरीचीही एन्ट्रॉपी सांगून टाका. पहाटेपासून काही खाल्लेले नाही.

दीपनगर_निवृत्त

मी आयुष्यभर औष्णिक वीज केंद्रात नोकरी केली, त्यामुळे माझी नजर यंत्राकडे जाते. येथे सगळे 'ज्वलन' हा शब्द वापरत आहेत, त्यावर एक दुरुस्ती सुचवतो.

आमच्या केंद्रात कोळसा जाळून वाफ करतात. वाफ ५४० अंशांची आणि थंड टोक ४० अंशांचे असले तर कार्नो यांच्या १८२४ च्या विचारानुसार कमाल कार्यक्षमता ६१ टक्क्यांच्या आसपास येते, प्रत्यक्षात चाळिशी गाठताना दमछाक होते. आता माणसाचे शरीर अशाच पद्धतीचे इंजिन मानले, तर आत ३७ अंश आणि बाहेर २५ अंश एवढ्या फरकावर कमाल कार्यक्षमता ४ टक्क्यांच्याही आत येते. स्नायूंची कार्यक्षमता मात्र २० ते २५ टक्के असते. आणि आपल्या भुसावळचा मे महिना घ्या. बाहेर ४५ अंश, आत ३७. या हिशोबाने उन्हाळ्यात कोणालाही हमालपाटी उचलता येऊ नये, कारण थंड टोक शरीरच झाले. तरीही भर दुपारी बागेतून डोक्यावर घड घेऊन मजूर बाहेर येतातच.

याचा अर्थ शरीर उष्णतेवर चालत नाही. उष्णता हा त्याचा खर्च आहे, इंधन नाही. ते अन्नातील रासायनिक मुक्त ऊर्जा, म्हणजे जिच्याकडून काम करून घेता येते तो ऊर्जेचा भाग, थेट वापरते. पेशीतील रीत मला आमच्या धंद्यापेक्षा हतनूरच्या धरणाशी जास्त मिळतीजुळती वाटते. अन्न जाळून पाणी तापवायचे नाही, तर एका पडद्याच्या पलीकडे प्रोटॉन चढवून ठेवायचे आणि ते खाली येताना त्यांच्याकडून एक चाक फिरवून एटीपी, म्हणजे पेशीत ऊर्जा पोहोचवणारा रेणू, बनवून घ्यायचे. पीटर मिचेल यांनी ही कल्पना १९६१ मध्ये मांडली, तेव्हा तिची बरीच टिंगल झाली, पण १९७८ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. पडद्यावरचा विद्युतदाब दीडशे मिलिव्होल्टच्या आसपास आहे, ऐकायला अगदीच किरकोळ. पण पडद्याची जाडी धरली तर मीटरमागे कोट्यवधी व्होल्ट होतात. आमच्या आवारात असे काही असते तर मी राजीनामा दिला असता.

ओपीडी_जळगाव

निवृत्त काकांनी उन्हाळ्याचा विषय काढलाच आहे, म्हणून डॉक्टर म्हणून थोडे लिहिते. बाहेर ४५ अंश असताना उष्णता शरीराकडून हवेकडे जात नाही, उलट हवेकडून शरीरात येते. बाहेर टाकण्याचा एकच मार्ग उरतो, तो घामाच्या बाष्पीभवनाचा. एक लिटर घाम वाळताना सुमारे २,४०० किलोज्यूल नेतो. घड वाहणाऱ्या मजुराच्या शरीरात ३०० वॉट उष्णता तयार होत असेल, तर केवळ तेवढ्यासाठी ताशी जवळजवळ अर्धा लिटर घाम लागतो. उन्हातून येणारी उष्णता वेगळी. माठातले पाणी गार राहते त्याच न्यायाने आपण जिवंत राहतो, फक्त माठाला मीठ द्यावे लागत नाही.

खानदेशची हवा कोरडी आहे म्हणून हे जमते. ओल्या फडक्याने गुंडाळलेल्या तापमापीत ३५ अंश दिसू लागले, तर सावलीत बसलेल्या निरोगी माणसाचाही घाम निरुपयोगी ठरतो, आणि प्रत्यक्षात धोका त्याच्या बराच आधी सुरू होतो. उष्माघाताच्या रुग्णाला मी एन्ट्रॉपी समजावत नाही, पण माझ्यापुरते मला दिसते ते हेच, की आत तयार होणारी एन्ट्रॉपी बाहेर टाकता येत नाही आणि प्रथिनांची घडी मोडू लागते. मंडळी, दुपारी बारा ते चार बागेत कापणी लावू नका, ही विनंती.

कणगी_शिरपूर

सर्वांचे वाचले. सगळे एक गोष्ट गृहीत धरत आहेत की सजीवाने रचना टिकवण्यासाठी सतत ऊर्जा खर्चली पाहिजे. मग कणगीतल्या ज्वारीचे काय? बियाणे वर्षभर राखेत पडून असते, श्वास जवळजवळ घेत नाही, उष्णता देत नाही, पण ओल मिळाली की चार दिवसांत कोंब. इस्राएलमधील मसाडा येथे सापडलेले सुमारे २,००० वर्षांपूर्वीचे खजुराचे बी २००५ मध्ये रुजले. दोन हजार वर्षे त्याला कोणी भाकरी घातली?

खडूफळा_धुळे

कणगी भाऊ, तुम्ही मला पुन्हा फळ्यासमोर उभे केले. माझे वाक्य दुरुस्त करतो. रचना टिकवण्यासाठी नेहमीच खर्च लागतो असे नाही. एखादी गोष्ट ढासळू शकते आणि ती आत्ता ढासळत आहे, हे दोन वेगळे मुद्दे आहेत. जिनिंगमधील सरकीचा आणि रुईचा ढीग हवेत जळायला केव्हाही पात्र असतो, पण ठिणगी पडेपर्यंत तो पांढराशुभ्र राहतो, कारण मध्ये एक उंबरठा असतो. कोरड्या बियाण्यात पाणी नाही, म्हणून रेणूंची हालचाल नाही आणि हा उंबरठा उंच राहतो. सुस्थितीत ठेवलेली तिजोरी रोज पहारा न देताही शाबूत राहते, तसे.

चालत्या पेशीत मात्र पाणी आहे, विकरे (एन्झाइम) आहेत आणि उंबरठे मुद्दाम खाली आणलेले आहेत, म्हणून तिथे सतत डागडुजी लागते. श्रोडिंजर यांनी १९४३ मध्ये डब्लिनला दिलेल्या व्याख्यानांत सजीव 'ऋण एन्ट्रॉपी' खातो असे म्हटले आणि ते वाक्य जगभर गाजले, पण पुढे त्यांनीच टीप जोडली की भौतिकशास्त्रज्ञांसाठी बोलायचे असते तर मुक्त ऊर्जेबद्दल बोललो असतो. तीच भाषा बरी. दीपनगरच्या काकांनी ती आधीच वापरली आहे.

कणगी_शिरपूर

मान्य. पण मग बी जिवंत आहे की नाही, हे तुम्ही सांगितले नाही.

सातपुड्याची_सावली

ते कोणी सांगेल असे वाटत नाही. पेरल्यावर कळते, आणि तोपर्यंत दुकानदाराचे पैसे देऊन झालेले असतात.

केळीवाला_रावेर

सर्वांचे आभार. पुतण्याला हा धागा वाचायला दिला, त्याने नोट आणि चिल्लर यांचे उदाहरण वहीत उतरवून घेतले. माझ्या धंद्याच्या दोन शंका अजून बाकी आहेत. खोलीतून बाहेर काढताना माल वजनाला कमी भरतो. ती सगळी तूट म्हणजे जळालेली साखर आहे का? आणि पिकणे म्हणजे फळाने स्वतःला सावरणे आहे की कोसळणे? वरच्या चर्चेवरून मला दोन्ही वाटते.

मृगबाग_यावल

भाऊ, तुटीचा हिशोब आधीच्याच आकड्यांवरून निघतो. टनामागे ताशी १०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड म्हणजे दिवसाला २.४ किलो. त्यासाठी सुमारे १.६ किलो साखर जळते. याहून जास्त तूट येत असेल तर ती पाण्याची समजा, आणि खोलीतील आर्द्रता वाढवून पाहा. तो वायू दार उघडून बाहेर काढणेही विसरू नका. साचला तर पिकणे लांबते, आणि आत शिरणाऱ्या माणसाला तो घातक आहे. आधी दार उघडावे, थोडे थांबावे, मग आत जावे.

दुसरा प्रश्न तुम्ही बी.कॉम. असून विचारलात, याचे मला कौतुक वाटते. हिरव्या केळीत वजनाच्या वीस टक्क्यांच्या आसपास पिष्ट असते आणि पिकल्यावर ते एक-दोन टक्के उरते. लांब साखळ्या तुटून साखरेचे सुटे रेणू होतात, भिंती मऊ पडतात, हिरवा रंग मोडतो. हे सगळे उताराच्या दिशेनेच आहे. पण ते घडवण्यासाठी पेशी नवी विकरे बांधते, आणि बांधकामाला एटीपी लागते. म्हणजे घर पाडण्यासाठीसुद्धा तिला गवंडी नेमावे लागतात, आणि त्यांच्या भाकरीची उष्णता तुमच्या यंत्राला बाहेर टाकावी लागते. ठिपके पडून साल काळी होईपर्यंत हे नियंत्रण हळूहळू सुटते. कोणत्या तासाला ते 'मेले' असे म्हणायचे, याला रेघ नाही. झाडाच्या बाजूने पाहिले तर हा उधळा खर्च पक्ष्यांना आणि वटवाघळांना बोलावण्यासाठी होता. आपल्या केळीत रुजणारे बीच उरले नाही, पण खर्चाची सवय गेली नाही.

पिंपळपार

वटवाघळांसाठी केलेला खर्च बाजारात आपण खातो, हे वाक्य माझ्या चैतन्यशक्तीपेक्षा जास्त विचार करायला लावणारे आहे. माझे मत पूर्ण बदललेले नाही, पण पत्त्यांचे उदाहरण मी मागे घेतो.

केळीवाला_रावेर

आज तिसऱ्या दिवसाच्या खोलीत दोन तापमाप्या ठेवल्या. दारापाशी हवेत १७ अंश आणि थप्पीच्या मधोमध गराच्या आत साडेएकोणीस. म्हणजे मी इतकी वर्षे हवेचे तापमान पाहून निर्धास्त राहत होतो. उद्यापासून कॅरेटच्या दोन रांगांमध्ये चार बोटे जागा सोडून माल लावतो आहे. हमाल कुरकुरत आहेत, कारण खोलीत चाळीस कॅरेट कमी बसतात.

तापीकाठचा_पाहुणा

त्यांना सांगा, पाहुणे दाटीवाटीने बसवले की उकडते.